पहिले तीन दिवस

नवा माणूस कामावर आला की ते त्याला सगळ्यात आधी संडास दाखवायचे.

माग नाही, मॅनेजरची केबिन नाही, हजेरीची खिडकी नाही. आधी संडास. कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दारांचे चार संडास होते आणि त्यातल्या तिसऱ्याची कडी लागत नसे. ते नव्या माणसाला तिथवर चालवत न्यायचे, तिसऱ्याचं दार उघडून ती लोंबणारी कडी दाखवायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "ह्याच्यात जायचं नाही. गेलास तर खाकरत बसायचं." नवा माणूस हसायचा. तो हसला की त्यांचं पहिलं काम झालेलं असायचं.

"ज्याले संडास माहीत नाही," ते एकदा मला म्हणाले, "त्याचं निम्मं ध्यान मागाकडं अन् निम्मं पोटाकडं. असा मानूस कामाचा नाही."

सगळे त्यांना आबा म्हणत. नाव लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं अजून सुरतेत आहेत आणि मी जे सांगणार आहे त्याला त्यांची परवानगी घेतलेली नाही. परवानगी मागायला गेलो तर आधी सगळं सांगावं लागेल, आणि ते मला कधी जमलेलं नाही.

आमचा कारखाना सुरतेत उधन्याच्या बाजूला होता. आर्ट सिल्कचं, म्हणजे कृत्रिम रेशमाचं, कापड विणायचा. एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये शंभराच्या आसपास माग, वर छताखाली फिरणारा लोखंडी दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मागाकडे उतरलेला चामड्याचा पट्टा. तो दांडा फिरला की पट्टे फिरायचे, पट्टे फिरले की माग चालायचे. आबा तिथे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे आणि विणकरांवर नजर ठेवणारे. नव्या माणसांना तयार करायचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं आणि म्हाताऱ्या शेठनं चालवून घेतलं होतं.

चौसष्ट-पासष्टची गोष्ट. मी अमळनेरहून टाइम ऑफिसात कारकून म्हणून आलो. बावीस वर्षांचा होतो, इंटरपर्यंत शिकलेला, आणि माझ्या अंगात पांढरा टेरिलीनचा फुल बाह्यांचा शर्ट होता. नोकरी लागली म्हणून थोरल्या बहिणीनं तो शिवून दिला होता. गल्लीत तसा शर्ट दुसऱ्या कुणाकडे नव्हता. हजेरीचं पुस्तक घेऊन मी शेडच्या दाराशी गेलो तर एक उंच, वाळका माणूस आडवा उभा राहिला. डोक्याला पंचा घट्ट गुंडाळलेला, अंगात अर्ध्या बाह्यांची खाकी बंडी, खिशातून कात्रीची मूठ बाहेर आलेली.

"आत जायचं?"

"हो. हजेरी घ्यायचीय."

"मंग हात पुढं कर."

मला वाटलं, हातावर काहीतरी ठेवणार. देवाचा अंगारा वगैरे. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी कात्री काढली आणि कोपराच्या वर आधी उजवी बाही कापली, मग डावी. मी ओरडलो असेन, पण मागांच्या खडखडाटात मलाच ऐकू आलं नाही. विणकर हसत होते. ते हसूही ऐकू आलं नाही, नुसते दात दिसले. रांगेच्या रांग दात.

त्यांनी दोन्ही तुकड्यांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "घरी ने. कंदिलाची काच पुसायले बरं."

बहिणीला मी पत्रात लिहिलं की शर्ट सायकलच्या चेनमध्ये अडकून फाटला. आबांमुळे दिसलेले ते दात मात्र मी विसरलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला मी 'व्यवस्थेतली सुधारणा' असं नाव दिलं होतं, आणि त्या नावाखाली या दोन बाह्या होत्या.

आबांचे तीन दिवस ठरलेले असत. पहिला दिवस माणसांचा. संडास, पाण्याचा माठ, डबे ठेवायची फळी एवढं झालं की ते नव्याला घेऊन मागामागाशी थांबायचे आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्यांपुढे उभा करून त्याची माहिती सांगायचे. ती माहिती त्यांनी सकाळभर त्याच्याकडून काढून घेतलेली असे. "हा झुलाल. गाव पिंपळनेर. दोन पोरी. बायको रागानं माहेरी गेलीय, चूक ह्याचीच." झुलाल लाजून खाली बघायचा. पण दुसऱ्या दिवशी चार जण त्याला विचारायचे, "काय रे, आली का?" आणि आठवड्यात झुलाल त्या शेडमध्ये दहा वर्षं असल्यासारखा वावरायचा.

दुसरा दिवस नुसता बघायचा. नव्यानं एका मागाजवळ उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे, हातात स्वतःचाच रुमाल धरलेला. रुमाल सुटला तर आबांना दुरूनही दिसायचं. तिसऱ्या दिवशी पट्टे, दांडा, आणि दांडा थांबवणारा मोठा खटका. तो खटका ते प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा चालत जाऊन दाखवून घ्यायचे. शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून, एकदा डोळे मिटूनसुद्धा.

संध्याकाळी परीक्षा. कापडाबद्दल, सुताबद्दल एकही प्रश्न नाही. "तुझ्या उजव्या हाताच्या मानसाचं नाव काय? त्याले लेकरं किती? झाडू मारते ती बाई कोन्या गावची?" चुकलं तर आणखी एक दिवस.

शेठचा एक पुतण्या मुंबईहून कापड विणण्याचा डिप्लोमा घेऊन आला होता. इस्त्रीची पँट, हातात मोजपट्टी. आबांनी त्यालाही सोडलं नाही. झाडूवालीचं नाव न आल्यानं त्याला चार दिवस लागले. तो रागानं काकाकडे गेला. शेठ पान चघळत म्हणाले, "नाम शीखी आव ने भाई," आणि पुन्हा चोपड्यात डोकं घातलं. पुतण्या नाव शिकून आला. काशीबाई. पुढे काशीबाईच्या मुलीच्या लग्नाला तो जेवायला गेला होता, हे मी स्वतः बघितलं.

"आबा, हे कशासाठी?" मी एकदा विचारलं होतं.

ते माझ्याशी मराठी बोलायचे, मध्येच अहिराणी यायची. म्हणाले, "तठे बोंबललं तर कोनाले ऐकू जातं का? नाही जात. मदत पाहिजे तर खांद्यावर हात ठेवावा लागतो. अन् वळख नसंल तर मानूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवत नाही भाऊ. लाजतो. तेवढ्यात काम होऊन जातं." मग बोटं मोडत त्यांनी त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं, "पयले मानूस, मंग माग."

मी आलो त्या आठवड्यातलीच आणखी एक गोष्ट. आबा बौद्ध होते, धुळ्याकडचे. पहिल्या दिवशी माठापाशी नेऊन त्यांनी स्वतः पाणी काढलं आणि पेला माझ्यापुढे धरला. आमच्या घरात माझी आजी अजून होती, आणि आजी काय म्हणेल हे माझ्या डोक्यात माझ्याआधी पोचायचं. मी म्हणालो, "नको, घसा बसलाय."

त्यांनी पेला माझ्यापुढून काढला, स्वतः पाणी प्यायले आणि दुपारी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "हे टाइम हाफिसातले भाऊ. गाव अमळनेर. घसा बसेल शे, पानी चालत नाही." चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा, "घसा कसा शे?" तिसऱ्या दिवशी, "घसा?" विणकरही विचारायला लागले. कुणी खडीसाखर आणून दिली, कुणी ज्येष्ठमध. नवव्या दिवशी मी माठाशी गेलो आणि सगळ्यांच्या देखत दोन पेले पाणी प्यायलो. आबा तिथेच होते. म्हणाले, "चला, बरा झाला." त्यानंतर तो विषय त्यांनी कधीही काढला नाही. मला त्या वेळी लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज पुष्कळ वर्षांनी वाटली.

म्हातारे शेठ वारले आणि कारखान्याची सूत्रं त्यांच्या जावयाकडे गेली. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला त्यांनी शेजारची जागा घेतली, नवे माग मागवले आणि एक मॅनेजर आणला. मी तोवर टाइम ऑफिसचा मुख्य झालो होतो. टेबलावर काच होती, काचेखाली कॅलेंडर. खानदेशातून रोज माणसं येत होती. सुरतेच्या कडेचं लिंबायत, गोडादरा तेव्हा भरायला लागलं होतं, एकेका खोलीत आठ-आठ जण राहत. मॅनेजरला ही माणसं लगेच मागावर हवी होती.

"त्रण दिवस?" तो मला म्हणाला. "त्रण दिवस शुं करे छे? आ मिल छे के निशाळ?" मिल आहे की शाळा, असा त्याचा सवाल.

मी म्हणू शकलो असतो की साहेब, सात वर्षांत या शेडमध्ये एकाही नव्या माणसाला मोठी इजा झालेली नाही. रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं, मला ते ठाऊक होतं. मी म्हणालो, "साहेब, मी एक टिपण करून देतो."

ते टिपण मी दोन रविवार बसून लिहिलं. त्यात आबांच्या तीन दिवसांना मी 'रिकाम्या गप्पा' म्हटलं. झाडूवालीचं नाव विचारण्याचा प्रकार मुद्दाम घातला, मॅनेजर हसावा म्हणून. तो हसला. मला आठवतं, त्याचे दात दिसले तेव्हा मला आतून गार वाटलं, काहीतरी फिटल्यासारखं.

तीन दिवसांऐवजी मी एक छापील कागद तयार केला. 'नवा कामगारो माटे सूचनाओ.' गुजरातीत, अकरा कलमं. सैल कपडे घालू नयेत, चालत्या पट्ट्याला हात लावू नये, असं सगळं. खाली सही किंवा अंगठा : मला वरील सूचना समजल्या आहेत. सकाळी आठला अंगठा, सव्वाआठला मागावर. आबांना सुताच्या गोदामात बसवलं. वय झालं, त्रास कमी होईल, असं कारण दिलं.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. कागद हातात घेऊन लांब धरला. त्यांना गुजराती वाचता येत नव्हतं.

"काय काय लिवलंय?"

मी अकराही कलमं मराठीत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"अन् खटका कुठं शे ते?"

"ते कुणीतरी दाखवेलच आबा."

"कोन?"

मी कॅलेंडरकडे बघितलं.

"तुम्ही लिवलं ते चुकीचं नाही," ते म्हणाले. आजवर ते मला 'तू' म्हणत आले होते. "पन कागदाच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही." आणि ते गोदामाकडे गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, थंडीत, सुकलाल आला. तिशीचा असेल. साक्रीकडचा, चलथाणच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला आलेला. हंगाम अर्ध्यात सोडून, बायको आणि दोन मुलं घेऊन तो लिंबायतला गाववाल्यांकडे उतरला होता. गाववाले म्हणाले, मिलमध्ये सावलीचं काम आहे. मी त्याचा अंगठा घेतला. "समजलं ना?" विचारलं. तो 'हो' म्हणाला. काय समजायचं होतं ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा जाड खाकी सदरा होता. उसाच्या पातीनं हात कापतात, म्हणून तोडणीवाले तसाच घालतात. त्याच्या आजवरच्या कामात लांब बाही हातांचं रक्षण करायची.

रजिस्टरात एक रकाना होता : कामाची माहिती कोणी दिली. तिथे वर्षानुवर्षं आबांचं नाव असायचं. रकाना रिकामा ठेवला तर सरकारी तपासणीत प्रश्न येईल, म्हणून आबा गोदामात गेल्यावरही मी त्यांचंच नाव लिहीत राहिलो. मॅनेजरनं तसं सांगितलं नव्हतं. ही हुशारी माझी एकट्याची.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी टेबलाशी बसलो होतो आणि एकाएकी माग थांबले. तो आवाज दिवसभर कानात असे, त्यामुळे तो आहे हे कळायचंच नाही. थांबला तेव्हा कळलं. मग त्या शांततेत एक माणूस ओरडताना ऐकू आला.

सुकलालच्या मागाचा पट्टा चाकावरून घसरला होता. त्यानं तो हातानं ढकलून बसवायला बघितलं. पट्ट्यानं बाही धरली आणि बाहीबरोबर हात आत गेला. शेजारच्या मागावरचा माणूसही चार दिवसांपूर्वी लागलेला. त्याला खटका माहीत नव्हता. तो शेडच्या दाराकडे पळाला, परत फिरला, पुन्हा पळाला. सहा रांगा सोडून असलेल्या झुलालला तो पळताना दिसला, तेव्हा झुलालनं जाऊन खटका पाडला. तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

मी पोचलो तेव्हा आबा गोदामातून आधीच आले होते. डोक्याचा पंचा सोडून ते सुकलालच्या दंडाला आवळत होते. मॅनेजरच्या गाडीत त्याला मागच्या सीटवर घेतलं, त्याचं डोकं आबांच्या मांडीवर. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही, पण ऐकू येत होतं.

"तुनं नाव काय शे?"

"सुकलाल."

"कोनता गावना?"

त्यानं सांगितलं.

"लेकरं किती तुले? नावं सांग. दोघांची सांग. झोपू नको, नावं सांग."

स्टेशनाजवळ फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. तेवढा वेळ आबा त्याच्या मुलांची नावं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते, आणि आपली सांगत होते. "मी आबा. मी तुनाच मानूस शे." तीन दिवस तो माणूस आमच्या शेडमध्ये होता. त्याला त्याचं गाव विचारणारा हा पहिला.

उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी येणार म्हणून कळलं. मॅनेजरनं मला बोलावलं. अंगठ्याचा कागद बघितला, रजिस्टर बघितलं, आबांच्या नावावर बोट ठेवलं. "बस. बधुं बराबर छे," म्हणाला. सूचना दिल्या होत्या, कामगारानं मुद्दाम मोडल्या, असं म्हणायचं ठरलं. मी मान हलवली.

त्या दुपारी आबा टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"तो अंगठ्याचा कागद दाखवनार तुम्ही?"

"दाखवावा लागेल, आबा."

"मंग त्या पोराले काय मिळंल? हाताचं?"

त्यांच्यासाठी तिशीचा माणूसही पोरच.

"सांगितलेलं असून त्यानं ऐकलं नाही असं ठरलं," मी म्हणालो, "तर भरपाई मिळणं कठीण आहे."

"अन् सांगेलच नव्हतं असं निघालं तर?"

"तर कारखान्याला द्यावी लागेल."

"रजिस्टरात नाव कोनाचं शे?"

मला वाटतं, त्यांना ते आधीच कुणीतरी सांगितलं होतं. तरी त्यांनी मला विचारलं, आणि ते माझ्या तोंडून यावं म्हणून वाट बघत थांबले. मी म्हणालो, "तुमचं."

मला वाटलं आता ओरडतील. मी तर मनात उत्तरसुद्धा तयार करत होतो. ते म्हणाले, "बरं," आणि गेले.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. अधिकारी मराठी जाणणारा होता. त्यानं कागद वाचला, रजिस्टर वाचलं आणि आबांना आत बोलावलं.

"या माणसाला कामाची माहिती तुम्ही दिलीत?"

"नाव माझं आहे साहेब," आबा म्हणाले. त्या दिवशी ते एकही अहिराणी शब्द न घालता, शाळेत बोलावं तसं बोलत होते. "पण मी त्याला काही शिकवलं नाही. खटका दाखवला नाही. बाही कापली नाही. त्याला गुजराती वाचता येत नाही, मला पण येत नाही. त्या कागदात काय आहे ते त्याला कोणी सांगितलेलं नाही."

"का नाही शिकवलं? ते तुमचं काम होतं ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. टेबलाच्या त्या बाजूला मी हातात रजिस्टर घेऊन उभा होतो आणि बोलायची पाळी माझी होती, एवढंच त्या बघण्यात होतं. दोन वाक्यं पुरली असती. साहेब, हे दोन महिने गोदामात आहेत. नाव मी लिहिलंय.

मॅनेजरच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. माझी बायको तेव्हा बाळंतपणाला अमळनेरला गेलेली होती. मी माझ्या मनाशी म्हणालो, एक मिनिट थांबू, बघू ते काय म्हणतात.

"चुकलं साहेब," आबा म्हणाले. "माझी चूक."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. सुकलालला भरपाई मिळाली. कामात हयगय केल्याबद्दल आबांना काढून टाकण्यात आलं. ते पत्र मीच टाइप केलं. त्यात कुठेही चूक राहू नये म्हणून दोनदा वाचलं.

झुलालला, काशीबाईला, सगळ्या शेडला खरं ठाऊक होतं. मला कुणी काही बोललं नाही. फक्त हजेरी घ्यायला शेडमध्ये गेलो की माणसं नाव सांगायची आणि मागाकडे वळायची. पुढच्या वर्षी माझा पगार वाढला.

चार-पाच वर्षं गेली. मी त्या कारखान्यातून दुसरीकडे गेलो, रांदेरच्या बाजूचं घर सोडून उधन्याला भाड्यानं राहायला आलो. एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, बायकोला काही न सांगता मी लिंबायतला आबांकडे गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर मनात म्हणत होतो. मी भित्रा होतो. नाव मी लिहिलं. तुम्हाला काढलं ते माझ्यामुळे. मला माफ करा. चार वाक्यं होती.

खोली सापडायला वेळ लागला नाही. नाव घेतलं की लोक हातानं दाखवत होते. आबा दाराशी बाजेवर बसले होते. बारीक झाले होते. मला ओळखून त्यांनी सरकून जागा केली. बाई, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होत्या. समोरच गल्लीचा नळ होता, रविवारची गर्दी होती, हंड्यांची रांग होती आणि रांगेत आमच्या जुन्या कारखान्यातली दोन-तीन माणसं उभी होती. त्यांनी मला बघितलं.

मी बसलो आणि मान खाली घालून ती चार वाक्यं बोललो. सगळी बोललो, एकही गाळलं नाही. वर बघितलं तर आबा हसत होते, पाहुण्याकडे बघून हसतात तसे.

"त्यांना ऐकू येत नाही आता," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मागापाशी गेली ना. कान पार गेले. मोठ्यानं बोला, वरडून, तर समजतं."

मी आबांकडे बघितलं. नळाकडे बघितलं. मी जोरात ओरडलो, "तब्येत कशी आहे, आबा?"

"चांगली शे!" ते म्हणाले. "तुमची?"

"बरी आहे!"

मग ते मला घरचं विचारत राहिले, मुलं किती, नावं काय, आणि मी ओरडून सांगत राहिलो. नळावरची माणसं ऐकत होती. थोड्या वेळानं मी उठलो. बाई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. तिथे थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पयले बोलले ते मी ऐकलं."

मी मागे वळून नळाकडे बघितलं.

"मी त्यांना सांगनार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून ऐकून त्यांना काय? तुम्हीच या. अन् मोठ्यानं सांगा."

"येतो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी नक्की येतो."

आबा त्यानंतर तीन वर्षं होते. माझ्या घरापासून लिंबायत सायकलवर वीस मिनिटं.